पाठकोऱ्या कागदांवरची पाठमोरी माणसं

कोणी माझ्या प्रत्येक वाक्याला 'हाव सर' म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे हाव म्हणजे हो, इतकं सोपं आहे ते. पण समजल्याचा हाव वेगळा, कंटाळल्याचा वेगळा, आणि 'तुम्ही म्हणता ना, मग झालं' असा एक आणखी वेगळा. पुसदच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हा हा तिसरा हाव मी रोज ऐकायचो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. निवृत्तीनंतर त्याच हावनं मला जेरीस आणलं.

हा हाव आमच्या शाळेतल्या शिपाईभाऊंचा. मी निवृत्त झालो आणि वर्षभरानं तेही झाले. वयानं माझ्यापेक्षा जेमतेम वर्षभर लहान, पण शाळेत मी त्यांना अरेतुरे करायचो. सगळेच करायचे. दोघंही घरी बसल्यावर मला ते अरेतुरे जड जाऊ लागलं, म्हणून मी 'अहो भाऊ' म्हणू लागलो. त्यांना ते अवघड वाटायचं, मलाही. पण आता मागं कसं फिरणार?

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस भाऊ घरी आले. दिग्रस रस्त्याला त्यांचा तांडा आहे, तिथून सायकलनं. घरचे सगळे कापूस वेचायला गेले होते आणि हे शेतात जायचं सोडून माझ्याकडे. हातात शाळेतली जुनी पुठ्ठ्याची फाईल, नाडी बांधलेली. टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, हे जरा तपासून द्या."

आत एक चित्रकथा होती. चाळीसेक पानं, पेन्सिलीनं काढलेली, एकेका पानावर सहा चौकटी. चौकटींना ते 'डबे' म्हणत आणि संवादांच्या वर्तुळांना 'फुगे'. फुग्यातून बोलणाऱ्याकडे जाणारी रेघ म्हणजे 'फुग्याचा दोरा'. वर्गात पोरांकडून जप्त केलेली कॉमिक्स वर्षानुवर्षं स्टाफरूमच्या कपाटात पडून असत आणि कपाटाची किल्ली भाऊंकडे असे, हे मला तेव्हा आठवलं. आम्ही जप्त करत होतो आणि हा माणूस वाचत होता. चित्र काढायला कुठं शिकलात विचारलं तर म्हणाले, "आमची याडी, म्हंजे माय, कशिदा काढे. थ्यातलंच असन. आन् तुमच्या वर्गाच्या खिडकीतून पाहो ना."

गोष्ट शाळेचीच होती. सकाळी कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी लावण्यापर्यंतचा एक दिवस, आणि शेवटच्या पानावर भाऊंचा निरोप समारंभ. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना शब्द दिला होता की जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात ही पानं चित्रकलेच्या हॉलमध्ये लावू आणि नंतर बांधून एक प्रत वाचनालयात ठेवू. "शाळेत आपलं एक बुक राह्यलं पाह्यजे सर," भाऊ म्हणाले. "बस, बाकी काई नाई." एवढंच मागणं होतं त्यांचं, आणि ते माझ्या हातात दिलं होतं.

मला पानं आवडली. ते मी लगेच सांगायला हवं होतं. पण शिक्षकाची खोड, आधी चूक दिसते. तोंडानं मी म्हणालो, "प्रयत्न चांगला आहे." हजारो पोरांच्या कागदांवर मी हे लिहिलंय आणि त्याला काही अर्थ नसतो, हे मला पोरांपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग मी सुरू झालो. सगळ्यांत खटकलं ते असं की शाळेतली सगळी मोठी माणसं पाठमोरी होती. स्टाफरूममध्ये सहा खुर्च्या, सहा पाठी. एका बाईंच्या अंबाड्यातून सुटलेल्या दोन बटा, एका सरांची आत दुमडलेली कॉलर. एक पाठ माझी, खुर्चीतून उठून खिडकीशी उभी. ओळखू येत होती, कारण डोक्यावरचं टक्कल अगदी जिथं आहे तिथं होतं आणि विजारीच्या बसायच्या जागेवर खडूचा पांढरा पट्टा. मी टेबलाच्या कडेवर टेकून शिकवायचो. तो पट्टा नोकरीभर माझ्या मागं होता आणि मला आज कळत होता. फुग्यांचे दोरे सगळे डोक्यांच्या मागच्या बाजूला चिकटवलेले. 'चहा ठेव.' 'घंटा झाली का रे?' 'आठवीत डस्टर नाही.' फक्त पोरं तेवढी समोरून, दात दाखवत, धावत येणारी.

"भाऊ, बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे," मी म्हणालो. "वाचणाऱ्याला माणूस चेहऱ्यावरून कळतो. सगळ्यांनी पाठ फिरवली तर तो पान उलटेल आणि पुढं जाईल."

"हाव सर."

"सगळ्यांना समोर वळवा. आणि डोकी फार मोठी आहेत, प्रमाण बघा. उभ्या माणसात साधारण साडेसात डोकी बसतात."

"हाव सर."

त्या खडूच्या पट्ट्याचा राग त्यात किती होता, हे आज नेमकं सांगता येणार नाही. होता, एवढं खरं.

आतून बायकोनं चहा झाल्याची हाक मारली. मी उठायच्या आत भाऊ उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ट्रे घेऊन आले. "अहो, तुम्ही पाहुणे आहात," मी म्हणालो. ते हसले. पुढच्या खेपेलाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. मग मी म्हणायचं सोडून दिलं.

पंधरा दिवसांनी फाईल परत आली. एकूण एक माणूस वळवलेला. प्रत्येक पानावर चेहरे, माझ्याकडे बघणारे. साडेसात डोकी मोजून घेतलेली, पट्टी लावलेली दिसत होती. मी सांगितलेलं सगळं केलं होतं आणि तरी काहीतरी बिघडलं होतं त्या पानांत. काय ते मला सांगता येईना. आणि सांगता येत नसलं की मी गप्प बसत नाही, आणखी सूचना देतो.

म्हणालो, मागच्या भिंती रिकाम्या आहेत, काहीतरी दाखवा. पुढच्या खेपेला प्रत्येक डब्यात भिंतीवर घड्याळ. स्टाफरूममध्ये घड्याळ, वर्गात घड्याळ, पाण्याच्या टाकीच्या मागंही घड्याळ. आणि सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं, दुकानातल्या घड्याळांत असतात तशी. ज्या माणसानं आयुष्यभर मिनिटाच्या हिशेबानं घंटा दिली, त्याच्या शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत दहा दहाच! मी कपाळावर हात मारला. "अहो, तुमच्याइतकी वेळ शाळेत कोणाला कळत होती?"

"तुमी म्हनलं, काहीतरी दाखवा. म्हनून घड्याल दाखवलं."

"घड्याळ दाखवा असं मी म्हणालो का?"

"नाई सर. काढून टाकू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुमी म्हनसान तसं."

मला ओरडावंसं वाटलं. मी एकदा मुद्दाम चुकीचंही सांगून बघितलं. म्हटलं, घंटा मारणाऱ्या हाताची बोटं सहा काढा, जोर दिसेल. आशा अशी की हा माणूस हसेल, 'सर, का मजाक करून राह्यले' म्हणेल. "हाव सर," म्हणाले आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं, 'बोटं सहा.' मला ते परत खोडायला लावावं लागलं, आणि माझीच मला लाज वाटली.

डिसेंबर असाच गेला. सावल्या आल्या, नाकं सुधारली, फुगे डावीकडून उजवीकडे नीट लागले. चूक म्हणून बोट ठेवावं असं काही उरलं नाही. एक दिवस बायकोनं टेबलावरची पानं चाळली. तिनं त्या शाळेत कितीतरी वर्षं माझा डबा पोचवलाय, तिथली माणसं तिला माहीत आहेत. ती म्हणाली, "नीटनेटकं आहे. पण ही शाळा कोणती?"

"आमचीच की."

"हो? फोटो काढायला उभे केल्यासारखे दिसतात सगळे. आणि तू कुठला यातला?"

मी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मलाच खात्री नव्हती.

त्या दिवशी मला पहिली पानं आठवली. अंबाड्यातल्या दोन बटा, दुमडलेली कॉलर. त्या बाई कोण आणि ते सर कोण, हे मी चेहरा नसताना ओळखलं होतं. आता चेहरे होते आणि ओळख कोणाचीच नव्हती. ठरवलं, भाऊ आले की म्हणायचं, जुनी पानं आणा, तीच लावू. माझ्या सूचना गेल्या चुलीत. संमेलनाला अकरा दिवस होते, म्हणजे वेळही होता.

भाऊ आले तसं मी म्हणालो, "भाऊ, पहिली पानं कुठं आहेत? पहिल्या दिवशी आणलेली?"

त्यांनी फाईलकडे बोट दाखवलं. "हेच ना सर."

"ही नाही. जुनी. पाठमोरी."

"हेच थे. खोडून थ्याच्याच वर काढलं. कागद वाया कायले घालवाचा?"

मी पान उलटलं. मागं सातवीच्या भूगोलाच्या चाचणीचे प्रश्न छापलेले. भाऊ सगळं पाठकोऱ्या कागदांवर काढत होते, शाळेतून उरलेल्या, एका बाजूनं छापलेल्या. पाठकोरे कागद जपून ठेवायचे, वाया घालवायचे नाहीत, हा आमच्याच शाळेचा नियम, आणि तो त्यांच्याइतका कोणीच पाळला नव्हता. मी मागच्या महिन्यात त्यांना कोऱ्या ड्रॉइंग पेपरची आख्खी गुंडाळी दिली होती. ती त्यांनी 'फायनलसाठी' जपून ठेवली होती. मी पान खिडकीशी धरलं. खोडरबरानं कागद काही ठिकाणी इतका पातळ झाला होता की भूगोलाचे प्रश्न चित्रातून उलटे वाचता येत होते. पाठींच्या खुणा कुठं कुठं दिसत होत्या, पण चित्र गेलं होतं. मी एक फोटोही काढून ठेवला नव्हता. दिवसाला वीस फालतू फोटो पाठवणारा मी.

मी भडकलो. स्वतःवर भडकलो होतो, पण समोर ते होते.

"असं कसं खोडलं तू?" तोंडातून तू गेलं. "एवढं चांगलं होतं ते!"

"तुमी तं म्हनलं होतं, वळवा."

"मी म्हणालो म्हणून? मी काहीही म्हणेन! तुला स्वतःला काही वाटत नव्हतं? मग आधी पाठमोरे काढले कशाला? त्याला काही कारण असेल की नाही?"

आतून चहाची हाक आली. भाऊ उठून आत गेले. मी खिडकीकडे तोंड करून बसलेला, समोर ती पानं, माझं बोलणं चालूच होतं, की निदान एकदा तरी नाही म्हणायचं, माणसानं स्वतःच्या चित्रासाठी भांडायचं असतं, मी काही तपासायला बसलेलो नाही. मागून भांड्यांचा आवाज आला. मी न वळता म्हणालो, "ठेव इथं," आणि पुढं बोलू लागलो.

"असंच, सर," भाऊ मागून म्हणाले.

"काय असंच?"

"आता तुमी म्हनलं ना, ठेव इथं. असंच दिसे मले."

मी वळलो. ते ट्रे धरून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. मी कारण विचारलं होतं आणि ते कारण सांगत होते.

"स्टाफरूमचं दार मांगं होतं. खुर्च्या साऱ्या खिडकीकडे तोंड करून. मी चा घेऊन येवो, तुमी सारे बोलत राहा. ठेव म्हना, मी ठेवो. पोट्टे तेवढे समोरून येत. जे पाह्यलं थेच काढलं होतं."

खुर्च्या खरंच तशाच होत्या. खिडकीतून वारा येतो म्हणून आम्हीच तशा लावल्या होत्या. अंबाडा, कॉलर, टक्कल, खडूचा पट्टा, हे सगळं ज्याला रोज दारातून दिसलं त्यानंच काढलं होतं. आणि मी त्याला साडेसात डोकी मोजायला लावली.

"पण मग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. रागात माझीही बोली बाहेर आली होती.

"तुमी प्रमान सांगून राह्यलते."

मी ट्रे त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त चीड. त्यांचीही चीड येत होती, हे मी लपवत नाही. इतकं सगळं माहीत असून हा माणूस दोन महिने हाव म्हणत राहिला.

शेवटचं पान वर होतं, निरोप समारंभाचं. आम्ही सगळे समोरून, हार, नारळ, शाल. त्यात एक माणूस अजून पाठमोरा होता, दोन महिने माझ्या नजरेतून सुटलेला. हातात ट्रे. ते भाऊ स्वतः. आपल्याच निरोपाला आलेल्या माणसांना चहा देत होते. खरंच दिला होता त्यांनी, मला आठवलं. मी तोही प्यायलो होतो.

"इथं तरी स्वतःला समोरून काढा," मी म्हणालो. "बाकी सगळे परत पाठमोरे करू. तुम्ही एकटे समोर. पुस्तक तुमचं आहे."

"नाई सर."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून माझ्या सूचनेला आलेला हा पहिला नकार होता. दोन महिने ज्याची वाट पाहिली तो आला आणि मला काय करावं सुचेना.

"का बरं?"

"मी ट्रे घेऊन समोरून कसा दिसो, मले का मालूम? मी कधी पाह्यलंच नाई. तुमी पाह्यलं असन तं तुमी काढून द्या."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. मी ती घेतली. स्मरणचित्र हा विषय मी नोकरीभर शिकवला. 'डोळे मिटा, बाजार आठवा, काढा.' मी कागदावर लंबगोल काढला, चेहऱ्याचा. आणि थांबलो. समोर बसलेले आत्ताचे भाऊ दिसत होते, पांढरे केस, चष्मा. पण शाळेतले? त्यांना मिशी होती का? केस कुठं वळवायचे? रोज दोन वेळा चहा, आणि मला ट्रे आठवत होता. निळ्या फुलांचा, एक कोपरा ठेचलेला. तो मी अचूक काढला असता.

लंबगोल तसाच रिकामा राहिला. भाऊंनी तो बघितला. माझ्या चित्राबद्दल काहीच बोलले नाहीत. मी त्यांच्याशी इतका नीट वागलो नव्हतो.

मग ते उठले, कपाटामागून माझ्याकडच्या कोऱ्या कागदांच्या दुसऱ्या गुंडाळीतला एक ताव ओढून काढला आणि माझ्या खुर्चीत बसले. खिडकीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून.

"सर, थो ट्रे घ्या अन् दारात उभे राहा जरा."

मी ट्रे उचलला. चहा सांडायला नको म्हणून हळूच दारात जाऊन उभा राहिलो. भाऊ वर बघत, खाली बघत, काढू लागले. हातोटी पहिल्या पानांचीच होती, पट्टी नाही, मोजणी नाही. बायको मागं येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत आत गेली. चहावर साय धरली. माझा डावा खांदा भरून आला. ट्रे इतका वेळ धरायचा असतो आणि समोरचं माणूस वर बघेपर्यंत धरायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"हात खाली जाऊन राह्यला, सर," भाऊ कागदावरून नजर न काढता म्हणाले. "बरोबर धरा."

"हाव भाऊ," मी म्हणालो, आणि ट्रे वर उचलला.